३० लाखांचा फ्लॅट, हाताशी ८ लाख, भाड्यातून हप्ता फिटेल का?

फिटणार नाही. तुमच्याच आकड्यांवर मांडून बघा. ८ लाखांतले दोन लाखांच्या वर मुद्रांक, नोंदणी आणि वकिलात जातात, कारण बँक कर्ज धरते ते फ्लॅटच्या किमतीवर. उरले ६, म्हणजे कर्ज २४ लाख. साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता २०,८२८. पहिल्या महिन्यात त्यातले १७,००० नुसतं व्याज! माझा कोल्हापुरातला, सागरमाळाकडचा टू बीएचके ११ हजारांना जातो. म्हणजे भाड्यातून व्याजसुद्धा निघत नाही, मुद्दल लांबच.

तरी मी घेतला, आणि पस्तावलो नाही. पण वरचे नऊ-दहा हजार दर महिन्याला पगारातून घालायची तयारी होती. तुमची ती नसेल तर थांबा, अजून दोन-तीन वर्षं साठवा. डाउन पेमेंटला कमी पडतात म्हणून पतसंस्थेतनं उचल किंवा सोनं गहाण, हा उद्योग अजिबात करू नका. माझ्या मेव्हण्यानं केला. दोन हप्ते सांभाळताना तिसऱ्या वर्षी फ्लॅटच विकला.

सहा हप्त्यांचे पैसे वेगळे ठेवा. माझे भाडेकरू विद्यापीठातली पोरं होती, परीक्षा संपली की सामान बांधून मोकळी. एप्रिल ते जून फ्लॅट रिकामा, हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स मात्र चालूच. आता गोकुळ शिरगावला नोकरी करणारं कुटुंब ठेवलंय. भाडं पाचशेनं कमी, पण डोक्याला ताप नाही. करार नोंदवूनच करा, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे.

करसवलतीच्या भरवशावर तर मुळीच घेऊ नका. घरातला तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वजा करायची सोय प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीतच, तीही वर्षाला २ लाखांपर्यंत. नव्या पद्धतीत नाही. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या व्याजाचं कर्ज घ्या, बोनस आला की मुद्दलात भरा, त्याला दंड लागत नाही.

आणि कोल्हापूर आहे म्हणून सांगतो, फ्लॅट बघायला गेलात की आधी पार्किंगच्या भिंती बघा. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या किराणावाल्याला विचारा. बिल्डरला नको. नवा रंग फक्त कमरेपर्यंतच दिसला तर किल्ली परत देऊन या.