रेक्टर बदलताहेत? निरोप समारंभाआधी बँकेचं काम उरका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझा 2017 चा जून आठवला. तुम्ही लिहिलंय की सेमिनरीच्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात लागून चार महिने झाले, तुम्ही ख्रिस्ती नाही, मे महिन्यात रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) आणि प्रोक्युरेटर (पैशांचा कारभार बघणारे फादर) दोघांचीही बदली आहे, आणि "चार्ज देताना काय काय बघू?" मीही ख्रिस्ती नाही. नागपुरातल्याच एका सेमिनरीच्या ऑफिसात मला अठरा वर्षं झाली. फायली, किल्ल्या, स्टॉक रजिस्टर हे तुम्ही बघालच. मी एकाच गोष्टीवर लिहिते, कारण तिनं आमच्या सेमिनरीचे 73 दिवस खाल्ले.

आमच्या खात्यावर दोन सह्या लागायच्या, रेक्टरची आणि प्रोक्युरेटरची. दोघांची बदली एकाच वेळी झाली. जुने रेक्टर पुढच्या शिक्षणासाठी रोमला निघाले. बिशप हाऊसचं, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचं, बदलीचं पत्र आलं आणि मी त्याच दिवशी, उन्हातान्हात, त्याची प्रत बँकेत नेऊन दिली. वाटलं, वेळेवर कळवलेलं बरं. काउंटरवरच्या साहेबांनी पत्रावर शिक्का मारला आणि दोन्ही जुन्या सह्या तिथल्या तिथे बंद केल्या. नव्या सह्या चढलेल्याच नव्हत्या. म्हणजे खात्यात पैसे होते, पण काढायला कुणाचाच हात चालत नव्हता. चूक माझी होती. पत्र खरं होतं, पण ते मी आधी द्यायला नको होतं.

यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत, कॅनन (म्हणजे कलम) 238 मध्ये, सेमिनरीच्या सगळ्या व्यवहारांत रेक्टर तिच्या वतीनं उभे राहतात असं आहे. म्हणून सेमिनरीतल्या सगळ्यांना वाटतं, नेमणुकीचं पत्र आलं की झालं. बँकेला कॅनन माहीत नसतो. तिच्यासाठी सेमिनरी म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला ट्रस्ट. तिला विश्वस्तांचा ठराव लागतो, आणि बदली झालेली व्यक्ती विश्वस्त असेल तर कलम 22 खालचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, जी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 90 दिवसांत दाखल करायची असते. या दोन कायद्यांच्या मधे ऑफिसातला माणूस उभा असतो. तुम्ही तिथेच आहात.

त्या शाखेनं आम्हाला काय फिरवलं! आधी ठराव मागितला. तो नेला तर चेंज रिपोर्ट. त्याची पोच नेली तर मंजुरीचा आदेशच हवा म्हणाले, आणि तो काही दोन आठवड्यांत मिळत नाही. मग नाव जुळेना. बिशपांच्या पत्रात 'रेव्ह. फादर' आणि घरचं नाव, आधारवर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, पॅनवर तेही नाही. दर वेळी एकच नवा कागद सांगायचे. पूर्ण यादी एकदाच लिहून द्या, असं मी चार वेळा म्हटलं. शेवटी त्यांच्या वरच्या कार्यालयात लेखी तक्रार गेली आणि चेंज रिपोर्टच्या त्याच पोचवर काम झालं. म्हणजे ती आधीही चालली असती.

तोवर पन्नासेक ब्रदर्स, म्हणजे फादर होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, सुट्टीवरून परत आले होते. इतवारीतल्या किराणावाल्यांनी उधारीवर तांदूळ-डाळ दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण स्वयंपाकघरातल्या मावशींचे दोन पगार राहिले. त्यांच्या मुलीची अकरावीची फी भरायची होती. त्या रोज दुपारी बाराची घंटा झाली, सगळे प्रार्थनेला उभे राहिले की ऑफिसच्या दारात येऊन थांबायच्या. विचारायच्या नाहीत. नुसत्या थांबायच्या.

म्हणून सांगते. जुने रेक्टर इथे असतानाच विश्वस्तांचा ठराव करून घ्या, आणि त्यात "नव्या सह्या चढेपर्यंत जुन्या चालू राहतील" हे वाक्य हवंच. नाव पॅनवर आहे अक्षर न् अक्षर तसंच लिहा, 'फादर' कुठेही जोडू नका. आणि जमलं तर तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन अशी सोय करा, तिसरी सही अशा माणसाची की ज्याची बदली या दोघांबरोबर होणार नाही. माझ्या मते दोनच सह्यांचं खातं कुठल्याच सेमिनरीनं ठेवू नये. बँकेशी सगळं लेखी बोला. आता रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आहे, लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर तिथे ऑनलाइन जाता येतं. आमच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही.

परदेशी देणगी येत असेल तर एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) पोर्टलवर पदाधिकारी बदलाचा एफसी-6ई हा फॉर्म वेगळा भरावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीपासून ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येतात, म्हणून तिथल्या सह्याही याच फेरीत बदलून घ्या. मी सीए नाही, वकीलही नाही, प्रत्येक ट्रस्टची घटना वेगळी असते. तुमच्या ऑडिटरांना हे दाखवूनच पुढे जा.

जाता जाता एक. तुम्हाला अजून नेमणूकपत्र मिळालेलं नाही असं तुम्ही ओघात लिहिलंय. ते जुन्या रेक्टरांच्या सहीनं, ते जायच्या आत घ्या. सेमिनरीत सगळे प्रेमानं वागतात, 'ही सेवा आहे' म्हणतात, आणि ती आहेच, पण फादर बदलतात, ब्रदर्स शिकून जातात, आणि तुमचा पगार किती ठरला होता हे आठवणारं कुणी उरत नाही. मी सहा वर्षं कागदाशिवाय काढली. संस्थेत 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफचंही आत्ताच विचारा.

ठरावाचा मसुदा मराठीत माझ्याकडे आहे, हवा असेल तर सांगा. पण बिशप हाऊसचं पत्र आलं की आधी फाईलला लावा. बँकेत ते नव्या सह्यांच्या अर्जासोबतच जाऊ द्या.