नव्या शाळेत मुलीला कोणी गटात घेत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, नव्या शाळेत दोन महिने झाले तरी डबा एकटीच खाते. वाचून पोटात कालवलं. १९९९च्या जूनमध्ये मीही आठवीतच होतो, मूर्तिजापूरहून पुण्यात आलेला.

पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, गृहपाठ कुठाय? मी म्हणालो, "करून राह्यलो ना सर." अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून माझं नावच 'राह्यलो'. क्रिकेटला घ्यायचे नाहीत, सहलीच्या बसमध्ये शेजारची जागा कायम 'धरलेली'. ज्या आत्याकडे राहत होतो ती म्हणायची, "आधी भाषा सुधार, मित्र आपोआप होतील." सुधारली. दिवाळीपर्यंत 'काऊन'चं 'का' झालं, 'मले'चं 'मला' झालं. मित्र एकही झाला नाही.

पुढचं सांगायला आजही जड जातं. शेवटच्या बाकावर एक मुलगा वहीच्या मागच्या पानांवर रेल्वेची वेळापत्रकं उतरवत बसायचा. तो दोनदा माझ्याशी बोलायला आला आणि दोन्ही वेळा मी तोंड फिरवलं. कारण क्रिकेटवाले त्याला हसायचे, आणि मला त्यांच्यातच जायचं होतं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "तू मूर्तिजापूरचा ना? मग शकुंतलेत बसलायस?" आमची यवतमाळला जाणारी नॅरोगेज! १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आजोबांबरोबर मी त्यातून गेलो होतो. त्यानं डबा बाजूला सारून वही उघडली. "स्टेशनं सांग, क्रमानं." कारंजा, दारव्हा... आठवतील तशी सांगत गेलो. त्याच्या बोटाचं लोणचं पानावर उमटलं.

म्हणून मुलीला एवढंच विचारा, तुझ्याशी आपणहून कोण बोलायला आलं होतं? आणि तू कोणाला टाळलंस? ज्या गटाला ती नको आहे, त्याच्या दारात उभं राहणं आधी थांबू दे.

आणि कृपा करून तिची भाषा, कपडे, डबा 'सुधारायला' जाऊ नका. आत्या अजून म्हणते, तिनं बोलणं सुधारलं म्हणून मी पुण्यात रुळलो. साफ चूक. माझा मित्र माझ्या गावाच्या नावावरून मिळाला. आजही फोनवर तो, अस्सल पुणेकर, मला विचारतो, "काय करून राह्यला?"

एक राहिलंच. कोणी तिला मारत असेल, वस्तू हिसकावत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि उद्याच वर्गशिक्षकांना भेटा. ते तिनं एकटीनं निस्तरायचं नसतं.