वडील ६८ वर्षांचे, रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

नका सोडू. आमच्या अण्णांचं आम्ही असंच सोडून दिलं होतं.

निफाडला आमची द्राक्षबाग आहे. अण्णांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं, एसटीनं नाशिकला यायचं टाळायला लागले, लग्नात मंडपाच्या कडेची खुर्ची धरून बसायचे. मोरीत गेले की कितीतरी वेळ आवाजच नाही, मग तुटक तुटक थेंब. घरात सगळ्यांना ऐकू यायचं, विचारलं कुणीच नाही. एका जानेवारीत गारठा वाढला म्हणून ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवत फिरले. सर्दी झाली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी लघवी पार तुंबली. ओटीपोट हाताला टणक लागत होतं. नाशिकला पोहोचेपर्यंत गाडीत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. नळी टाकली तेव्हा कुठे त्यांचा श्वास मोकळा झाला.

सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं किंवा त्याचा जोर कमी होतो, हे तिथे कळलं. वडिलांना अशी गोळी विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी, लघवीची नळी तिच्यामधून जाते. वयानुसार ती वाढते आणि नळी दाबते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नाही, तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. पण सुरुवातीचा कॅन्सर बहुधा काहीच त्रास देत नाही, म्हणून पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी करायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. जंतुसंसर्ग झाला किंवा नुकतीच नळी टाकलेली असली तरी पीएसए वाढतं, त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नका. सोबत साखर तपासा, मधुमेहातही रात्री उठावं लागतं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते जरूर बघायला सांगा.

अण्णांना टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारी गोळी, सुरू झाली. थोड्याच दिवसांत धार सुधारली, फक्त झटकन उठलं की चक्कर यायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं असतं. प्रोस्टेट आकसवणारी फिनास्टेराइड गोळी दिली तर मात्र सहा महिने धीर धरावा लागतो, आणि तिने पीएसए निम्म्यावर येतं, हे पुढचा रिपोर्ट वाचताना विसरू नका. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं.

वडील चिडतात ते लाजेपोटी. सगळ्यांसमोर विषय काढू नका. चहाच्या वेळी दोघंच असताना सांगा, "दादा, झोप होत नाही ना तुमची? उद्या जाऊन येऊ." लघवीतून रक्त गेलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र उद्याचीही वाट बघू नका, त्याच रात्री न्या.