बेळगावात साधं, चांगलं सँडविच कुठं मिळतं, आणि गाडी चांगली आहे हे आधीच कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी पुण्याहून बदली होऊन बेळगावात आलात, खोली टिळकवाडीत घेतलीय आणि ऑफिसातून सुटल्यावर साडेसहाच्या सुमाराला भूक लागते. रात्रीच्या जेवणाला वेळ असतो, भजी-वडे रोज सोसत नाहीत. दोन चकचकीत ठिकाणी सँडविच खाऊन पाहिलं, पैसे गेले, समाधान झालं नाही. आता विचारताय की गाडीवर चांगलं सँडविच मिळतं का, आणि चांगली गाडी ओळखायची कशी.

मिळतं. आणि मागवायच्या आधीच ओळखता येतं.

मी बेळगावातल्याच शहापूरचा. कॉलेजची दोन वर्षं रोज संध्याकाळी मामाच्या सँडविचच्या गाडीवर हाताखाली उभा असायचो. बटाटे उकडून सोलणं, काकड्या धुणं, चटणी वाटणं ही माझी कामं. ब्रेडला हात लावायची परवानगी पहिले चार महिने नव्हती. मामा म्हणायचा, "आधी बघायला शीक." तुम्हालाही तेच सांगतो. गाडीपाशी गेलात की लगेच मागू नका, तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचं सँडविच होताना अर्धा मिनिट बघा.

नजर बटरवर ठेवा. ते ब्रेडच्या चारही काठांपर्यंत जातंय का? पुष्कळ ठिकाणी मधोमध एक गोळा फासतात आणि पुढं जातात. काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं, चटणी तर ओलीच असते. त्या ओलाव्याच्या आणि ब्रेडच्या मध्ये बटरचा थर असला तरच ब्रेड टिकतो. जिथं बटर पोचलं नाही तिथं पाच मिनिटांत लगदा होतो, तुकडा उचलला की खालचा ब्रेड फाटतो आणि काकडी कागदावर पडते. मामाचं रोजचं ओरडणं हेच असायचं: "काठापर्यंत लाव रे, मधीच फासून काय करायलास?" दोन वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! आजही घरी ब्रेडला बटर लावताना हात आपोआप काठाकडं जातो.

आता ते बटर आहे की मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं नकली बटर, हे पाहा. मार्जरीन पिवळंजर्द दिसतं, पण त्याला दुधाचा वास नसतो आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. स्वस्त पडतं म्हणून वापरतात. त्यावर मी एखाद्या गाडीला लगेच बाद करणार नाही, पण रोज खायचं असेल तर खरं बटर लावणारी गाडीच शोधा. आमच्याकडं म्हशीचं पांढरं लोणी चांगलं मिळतं, म्हणून मामानं काही दिवस लोणी लावून पाहिलं होतं. चव सुरेख आली, पण लोण्यात ताकाचा अंश राहतो, त्यानं ब्रेड लवकर ओला व्हायचा. डोशावर लोणी, सँडविचला बटर, असं शेवटी ठरलं.

दुसरी गोष्ट चटणी. ती हिरवी हवी, काळपट नको आणि पोपटी रंगाचीही नको. कोथिंबीर वाटताना भांडं तापलं की रंग उतरतो, आणि आंबटाच्या संगतीत हिरवेपणा फार वेळ टिकत नाही. सुरुवातीला मी सकाळीच लिंबू पिळून चटणी करून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत ती शेवाळ्यासारखी झाली आणि मामानं सगळी ओतून दिली. तेव्हापासून गार पाणी घालून वाटायचं आणि लिंबू गाडी लागल्यावर पिळायचं. आमचं प्रमाण असं होतं: कोथिंबिरीची एक मोठी जुडी कोवळ्या दांड्यांसकट, मूठभर पुदिना, पाच-सहा मिरच्या, आल्याचा तुकडा, चार पाकळ्या लसूण, दोन चमचे फुटाण्याची डाळ, मीठ, चिमूटभर साखर. डाळीमुळं चटणीला अंग येतं, ती ब्रेडवर बसते, वाहत नाही. काही गाड्यांवर लाल चटणीही असते. ती संकेश्वरी मिरचीची असेल तर जपून, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या संकेश्वरची ही मिरची चांगलीच तिखट. ब्याडगीची असेल तर निर्धास्त लावून घ्या, तिचा रंग जास्त आणि तिखटपणा कमी.

बटाट्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तिकडं कुणाचं लक्षच जात नाही. गरम बटाटा कापला की चुरा होतो. दुपारी उकडून पूर्ण गार झालेल्या बटाट्याच्या चकत्या स्वच्छ पडतात. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत पावसाळी बटाटा होतो. तो नवा बटाटा बाजारात आला की आम्हाला आनंद व्हायचा, कारण नव्या बटाट्याची चकती अखंड राहते. उलट शीतगृहातून आलेला बटाटा गोडसर लागतो, थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते म्हणून. तुम्हाला त्या चकचकीत ठिकाणी सँडविच का आवडलं नाही ते मी पाहिलेलं नाही, पण अशा ठिकाणी बटाट्याऐवजी मक्याचे दाणे आणि मेयोनीज भरलेलं मी खाल्लंय. त्यात तोंडाला आधार मिळत नाही. काकडीचा करकरीतपणा जाणवायला शेजारी बटाट्याचा मऊपणा लागतो.

भाज्या समोर कापतात की सकाळपासून कापून डब्यात भरून ठेवल्यात, हे तर दिसतंच. कापलेल्या काकडीला तासाभरात पाणी सुटतं. मीठ-मसालासुद्धा शेवटी, वरचा ब्रेड ठेवायच्या क्षणी भुरभुरला पाहिजे. आधी घातलं तर तेच मीठ टोमॅटोतलं पाणी बाहेर काढतं. बीट घालत असतील तर ते बटाट्यावर ठेवतात का पाहा. थेट ब्रेडला लागलं की सगळं गुलाबी आणि ओलं होतं.

पहिल्या दिवशी साधं सँडविच मागा, भाजलेलं नको, चीज तर नकोच. चीजखाली शिळी चटणी लपते, भाजल्यावर शिळा ब्रेड लपतो. साध्यात लपायला जागा नसते. ते आवडलं तर दुसऱ्या दिवशी टोस्ट मागा. लांब दांड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा टोस्टर थेट आचेवर धरून, दोन्ही बाजूंनी उलटत केलेला टोस्ट मला विजेच्या यंत्रातल्यापेक्षा केव्हाही प्रिय. साधारण 140 अंशांच्या पुढं ब्रेड तांबूस व्हायला लागतो आणि तो खमंग वास सुटतो. आच मोठी असेल तर बाहेरून करपतं, आतला बटाटा गारच राहतो. मध्यम आच, घाई न करणारा माणूस, आणि बाहेरच्या बाजूलाही बटरचा हात. पावसाळ्यात हे विशेष. आमच्याकडचा पाऊस तुम्ही अजून पाहिला नसेल. जून-जुलैत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, ब्रेडला दोन दिवसांत बुरशी धरते. तेव्हा ताडपत्रीखाली उभं राहून, दोन्ही हातांत गरम कागद धरून टोस्ट खायचा. ती उब मला दुसऱ्या कुठल्याच खाण्यात मिळालेली नाही.

इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबनच्या 1762 सालच्या रोजनिशीत सँडविच हा शब्द आलेला आहे, आणि नाव पडलं ते सँडविच गावाच्या अर्लवरून, म्हणजे तिथल्या सरदारावरून, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. मला जास्त जवळचं वाटतं ते आपल्या बाजूचं. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, बटाटा हाही त्यांचाच, आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. बेळगावातून चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. कॅम्पातल्या एखाद्या बेकरीवरून सकाळी गेलात तर भाजल्या पावाचा वास येतो, तेव्हा मला हे सगळं जवळच घडल्यासारखं वाटतं.

कुठं जायचं? एका गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. गाडीवरचा माणूस बदलला की सँडविच बदलतं. तुम्ही टिळकवाडीत आहात, तर पहिल्या रेल्वे गेटपासून आरपीडी क्रॉसपर्यंत, म्हणजे राणी पार्वतीदेवी कॉलेजच्या चौकापर्यंत, संध्याकाळी पायी एक फेरी मारा, दुसऱ्या दिवशी गोवावेसकडं. कॉलेजची मुलं जिथं उभी असतात तिथं थांबा. ब्रेडची पाकिटं पटापट संपतात ती गाडी. सहा ते साडेसातची वेळ उत्तम. नऊनंतर उरलंसुरलं असतं.

भाषेची काळजी नको. मामाच्या गाडीवर एक गिऱ्हाईक कानडीत "खारा कम्मी हाक्री" (तिखट कमी घाला) म्हणायचं, दुसरं "तिखट वाढवा ओ" म्हणायचं, तिसरं हिंदीत बोलायचं, आणि मामा तिघांना तिघांच्या भाषेत उत्तर देत एकाच सुरीनं कापत राहायचा. तुम्ही मराठीतच मागा, समोरून "चालतंय की, उभारा जरा" असं ऐकू येईल. उभारा म्हणजे थांबा. पहिल्यांदा ऐकलं की बाहेरची माणसं गोंधळतात.

आणि कडा कापू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर सवयीनं कापून टाकतात. बटर काठापर्यंत लावलेलं असेल तर सगळ्यात चवदार घास कोपऱ्यातलाच असतो. मामा एक कोपरा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा.