क्युरासाओ हा स्वतंत्र देश आहे का? तिथे स्वतःचं असं काही आहे, की सगळं डचांचं उसनं?

'उसनं' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. मी टँकरवर फिटर होतो. 2012 साली आमचं जहाज दुरुस्तीसाठी क्युरासाओच्या राजधानीत, विलेमस्टॅडच्या ड्रायडॉकमध्ये तीन आठवडे होतं.

आधी तुम्ही विचारलंय ते. पूर्ण स्वतंत्र नाही. 10 ऑक्टोबर 2010 ला नेदरलँड्स अँटिलिस, म्हणजे कॅरिबियनमधल्या डच बेटांचा गट, मोडलं, तेव्हापासून क्युरासाओ हा नेदरलँड्सच्या किंगडममधला (राजाच्या राज्यातला) स्वायत्त देश. संसद आणि पंतप्रधान स्वतःचे, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार किंगडमकडे, पासपोर्ट डच. बेट 444 चौरस किलोमीटरचं, लोक दीड लाखाच्या आसपास. व्हेनेझुएला हाकेवर, साधारण 65 किलोमीटर. पाऊस वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे कोकणात जुलैत पंधरवड्यात पडेल तेवढा. जिकडे तिकडे निवडुंग. पिण्याचं पाणी समुद्राचं गोडं करून घेतात.

शहराच्या मधोमध खाडीचं तोंड. अलीकडे पुंडा, पलीकडे ओत्रोबांदा. ओत्रोबांदाचा अर्थच 'दुसरी बाजू'. आम्ही मालवणीत पलतड म्हणतो, अगदी तेच. दोन्ही बाजूंना जोडणारा पूल 1888 सालचा, तरंगत्या पिंपांसारख्या होड्यांवर उभा. जहाज आलं की घंटा वाजते आणि अख्खा पूल दारासारखा एका बाजूला सरकतो. फिटर माणूस मी, तासभर तिथेच उभा राहिलो. टोकाच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसतो, खाली डिझेल इंजिनं पंखा फिरवतात, बस्स. लोक पुलावर असले तरी गप्पा मारत तसेच सरकत जातात. पूर्वी टोल होता, पण अनवाणी माणसाला माफ.

एका शनिवारी डॉकवरचा एक वेल्डर मला प्लासा बिऊला जेवायला घेऊन गेला. जुना बाजार तो, मोठमोठ्या पातेल्यांतून गरम वाढतात. बोकडाचा रस्सा आणि फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. वाढणाऱ्या बाईंना 'दांकी' म्हणालो, तर त्या हसून 'दांकी, दुशी' म्हणाल्या. दुशी म्हणजे गोड. सकाळचा नमस्कार 'बोन दिया' पोर्तुगीज-स्पॅनिश वळणाचा, आभाराचं 'दांकी' डच. त्यात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची बोलायची ढब. ही तिथली भाषा, पापियामेंतू.

वेल्डर पापियामेंतूतलं वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, "शाळेत ही बोललो की मास्तर शिक्षा करायचे. डचच बोलायचं. आता माझी मुलगी शाळेत हीच लिहायला शिकते." 2007 पासून ती डच आणि इंग्रजीबरोबर अधिकृत भाषा आहे, संसदेतही चालते. ही फक्त गुलामांची बोली होती असंही नाही. 1775 सालचं पापियामेंतूतलं एक पत्र आजही आहे, ज्यू समाजातल्या एका माणसाने प्रेयसीला लिहिलेलं. मळेवाले, व्यापारी, मजूर सगळ्यांनी ती बोलली.

आता सांगा, यात उसनं काय? डचांनी 1634 ला बेट स्पॅनिशांकडून घेतलं आणि गुलामांच्या व्यापाराचं कोठार केलं. 17 ऑगस्ट 1795 ला टुला नावाच्या गुलामाने केनेपाच्या मळ्यावर काम नाकारलं आणि बंड केलं. त्याला हालहाल करून मारलं. गुलामगिरी गेली 1 जुलै 1863 ला. पुढे 1918 ला शेल या तेल कंपनीची रिफायनरी आली, बेट तिच्यावर जगलं. 30 मे 1969 ला मजुरीच्या संपातून शहर पेटलं. 1985 ला शेल निघून गेली, व्हेनेझुएलाच्या कंपनीने रिफायनरी भाड्याने घेतली, 2019 ला तीही गेली. आता पर्यटन, बंदर आणि बँकांचा धंदा. मालक बदलत गेले, भाषा राहिली.

माझे थोरले भावोजी मुंबईत शिक्षक. माझ्या लेकीला ते म्हणाले होते, "हे मालवणी 'खंय', 'कित्याक' शाळेत बोलायचं नाही, लोक गावंढळ म्हणतील." पोरगी सहा वर्षांची होती, आजीशीही बोलायची बंद झाली. सुट्टीवर आलो तेव्हा त्या वेल्डरची गोष्ट मी भावोजींना सांगितली. ते म्हणाले, "तो देश आहे, तुझी नुसती बोली आहे." मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. आजीच्या तोंडची भाषा लेकराने बोलायला कुणाचं सरकार लागत नाही. तुमच्या घरात कुणी असं बोलत असेल तर ऐकू नका.

एवढं मात्र खरं की दोन्हींची सरसकट तुलना होत नाही. मालवणी अशी सरमिसळीतून जन्मलेली नाही. आणि क्युरासाओतही वरच्या शिक्षणात डचच लागतं, शिकायला मुलं नेदरलँड्सला जातात. मी पाहिलं ते तीन आठवड्यांचं.

जायचं झालं तर पुलावरचा झेंडा बघा. नारिंगी असला तर थोडं थांबा, निळा असला तर पूल बराच वेळ उघडा राहणार, बाजूची फेरी धरा. पैसे लागत नाहीत.