विचारा, सांगतो: जळवा, बंब आणि शोषखड्डा

पाऊस जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ‘रेनफॉरेस्ट’ हा शब्द हटकून दिसतो. यंदा बहुतेकांचा रोख आंबोलीकडे आहे. सावंतवाडी तालुक्यातलं हे गाव घाटमाथ्याच्या कडेला, साधारण ७०० मीटर उंचीवर वसलंय. वर्षाचा पाऊस ७,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या दहापट, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. काटेकोर बोलायचं तर इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित यांची सरमिसळ आहे. पण जाहिरातवाल्यांनी त्याला रेनफॉरेस्ट म्हटलं म्हणून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचंच असेल तर त्याला जोडल्या जाणाऱ्या ‘सस्टेनेबल’ या शब्दावरून भांडावं.

प्रश्न (ठाणे): ‘सस्टेनेबल रेनफॉरेस्ट लॉज’ अशी जाहिरात पाहिली. मुलं ७ आणि ११ वर्षांची. जुलैत तीन रात्री राहायचा विचार आहे. पैसे भरण्याआधी काय विचारावं?

‘तुम्ही पर्यावरणपूरक आहात का?’ असं विचारलंत तर ‘हो’ हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा संडासाचं पाणी कुठे जातं, आंघोळीचं पाणी कशावर तापतं, रात्री बाहेर कसले दिवे लावता आणि कचरा कोण नेतं, असं विचारा.

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टाकी आणि पुढे शोषखड्डा एवढंच असतं. उन्हाळ्यात ते चालून जातं. जुलैत मात्र जांभ्याखालची जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते, शोषखड्डा शोषायचंच बंद करतो आणि मैला सरळ ओढ्याला लागतो. संडास ‘हळू उतरतोय’, भांड्यातून गुडगुड ऐकू येतेय, असं पाहुणे सांगतात त्याचं कारण बहुधा हेच. नीट केलेल्या जागी दोन-तीन कप्प्यांची बंद टाकी असते आणि तिच्यापुढे खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावलेलं असतं. हा वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच बांधलाय का, हे विचारा. उंच नसेल तर पावसाचं पाणी त्यात शिरतं आणि वाफा नुसता शोभेला उरतो. आंबोलीत हिरण्यकेशी नदी उगम पावते. तिथल्या मंदिराच्या कुंडातल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या बोटाएवढ्या माशाची शास्त्रात नोंद झाली २०२० साली आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. वरच्या अंगाचं सांडपाणी कुठे जातं याची चौकशी म्हणूनच करायची. आणि त्या कुंडात साबण लावून पाय धुवायचे नाहीत, हेही ओघाने आलं.

दुसरं, गरम पाणी. ‘आमचं सगळं सोलरवर’ असं जुलैसाठी कुणी सांगितलं तर पुढचा प्रश्न टाका: ‘आठवडाभर सूर्य दिसला नाही तर?’ १ किलोवॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं. दाट ढगांत त्याच्या पाव हिश्शाचीही खात्री नसते. २ किलोवॉटचा एक गीझर तासभर लावला की २ युनिट संपतात. म्हणून शहाणे लोक पावसाळ्यात दिव्यांपुरतं सोलर ठेवतात आणि पाणी बंबात तापवतात. बंबात नारळाची सोडणं, काजूच्या छाटणीची लाकडं, सुपारीची सालं जात असतील तर उत्तम. ‘जंगलातलं पडलेलं लाकूड’ असं उत्तर आलं तर मात्र गुण कापा. कुजणारं लाकूड हे तिथल्या बुरशीचं, किड्यांचं आणि बेडकांचं घर आहे. पावसाळ्यात काही बुरशी रात्री मंद हिरवी चमकते, तीही अशाच लाकडावर.

तिसरं, दिवे. पांढरी ट्यूबलाइट लावली की तिच्यावर पतंग येतात, पतंगांवर बेडूक आणि पाली, आणि बेडकांमागे साप थेट ओसरीवर. झाकण असलेला, खाली तोंड केलेला, मंद पिवळा दिवा आणि रात्री दहानंतर अंधार, एवढं असलं की निम्मी भीती तिथेच संपते. लॉन, डीजे, ‘कृत्रिम धबधबा’ अशा सोयी असतील तर पुढचं काहीच विचारू नका.

आणखी एक, हे मुलांसाठी: छप्पर पत्र्याचं आहे की कौलांचं? जुलैच्या सरींत उघड्या पत्र्याखाली एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही आणि लहान मुलं रात्रभर दचकतात. कौलं असतील किंवा पत्र्याखाली लाकडी माळा असेल तर झोप लागते.

प्रश्न (नाशिक): मुलीला जळवांची फार धास्ती आहे. मीठ, तंबाखू, चुना, जो तो वेगळं सांगतो. नेमकं काय करावं?

जळू चावते ते कळतच नाही, आणि भीती असते ती नंतर दिसणाऱ्या रक्ताची. म्हणून मुलीला आधी हे सांगा: जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती सुटल्यावरही जखम तासभर, कधी त्याहून जास्त, झिरपत राहते. थेंबभर रक्त ओल्या पायमोज्यावर पसरलं की वाटीभर दिसतं.

अडवायचं कसं? घट्ट विणीच्या जाड सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे आणि वर नाडी असलेले जळूमोजे मिळतात. शिवून घेतले तरी चालतात, फक्त शिवण आतल्या बाजूला आणि दुहेरी हवी. घालायचा क्रम असा: आधी साधा मोजा, त्यात पँटचं टोक खोचायचं, त्यावर जळूमोजा, मग बूट. नेहमीचे लोकरी किंवा नायलॉनचे मोजे पुरत नाहीत, त्यांच्या विणीतून बारीक जळू सहज आत शिरते. मोज्यांचा रंग फिका घ्या, चढणारी जळू लगेच दिसते. पाऊलवाटेवर दर दहा मिनिटांनी थांबून एकमेकांचे पाय बघायचे, आणि थांबायचं ते उघड्या कातळावर. पाचोळ्यात उभं राहिलात की त्या तुमच्या दिशेने माना वर काढून येतात.

लागलीच तर मीठ टाकू नका, काडी लावू नका. भाजलेली जळू पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळते. तिचं बारीक टोक शोधा, तोंड तिथे असतं. त्याच्या अगदी शेजारी कातडी ताणून धरा आणि नख किंवा एटीएम कार्डाची कड कातडीला टेकवून आडवी सरकवा. तोंड सुटलं की लगेच जाड टोक सोडवा, नाहीतर ती तुमच्या बोटाला चिकटेल. जखम साबणाने धुवा, कापसाचा बोळा ठेवून दहा मिनिटं दाबून धरा आणि पट्टी बांधा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आजी-आजोबांना ओल्या पाऊलवाटेवर नेऊच नका.

मीठ-तंबाखूची पुरचुंडी बुटांना चोळायला ठीक आहे. पहिल्या सरीत ती धुऊन जाते, एवढंच.

प्रश्न (बेळगाव): दीड वर्षाचं बाळ सोबत आहे. डायपरचं काय करायचं?

वापरलेले सगळे परत आणायचे. दिवसाला सहा धरा, घट्ट झाकणाचा एक डबा आणि जाड पिशव्या न्या. तिथे पुरलेलं रानडुकरं आणि कुत्री रात्रीत उकरून काढतात, आणि संडासात टाकलेला एकच डायपर अख्खी टाकी तुंबवतो. कापडी लंगोटांचा विचार असेल तर जुलैत तो सोडा, चार दिवस वाळत नाहीत. खरं तर एवढ्या लहान बाळाला घेऊन सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फुलं असतात, जळवा ओसरलेल्या असतात आणि घाटातलं धुकंही कमी होतं.

प्रश्न (पुणे): सापांची औषधं लॉजवाल्यांकडे असतात का? आपण एखादं इंजेक्शन सोबत नेता येईल का?

नाही आणि नाही. अँटिव्हेनम शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीत द्यावं लागतं, कारण त्याचीच जोरदार प्रतिक्रिया येऊ शकते. आपल्याकडे मिळणारं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालतं. आंबोलीत पाहुण्यांना जो हमखास दाखवतात, त्या मलबारी चापड्यावर ते उतारा नाही. चापड्याचा दंश बहुधा जीवघेणा नसतो, पण सूज आणि वेदना जबर असतात आणि उपचार रुग्णालयातच करावे लागतात. हा साप हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत दिसतो आणि कंबरेच्या उंचीच्या फांदीवर तासन् तास निश्चल बसून राहतो. वाट सोडून झुडपाला हात टेकवला की दंश होतो, तो असा.

दंश झालाच तर अंगठी, कडं, बूट काढा. हात किंवा पाय सपाट फळी किंवा काठी लावून, बांधून स्थिर करा, चालू देऊ नका. कापायचं, चोखायचं, आवळपट्टी बांधायची हे काहीही नको. १०८ ला फोन करा किंवा सरळ गाडीत घाला. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण उपजिल्हा रुग्णालय सावंतवाडीला, घाट उतरून तीसेक किलोमीटरवर. म्हणून लॉजला हेही विचारा: रात्री तिथे चालू स्थितीतली एक गाडी आणि घाट उतरू शकेल असा चालक असतो का?

प्रश्न (मडगाव): पावसात नको, जानेवारीत जाऊ म्हणतो. पण तेव्हा माकडतापाची भीती असते ना?

असते, आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा आजार ओळखला गेला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली रुग्ण सापडले. बारीक गोचिडीच्या चाव्यातून तो होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. जानेवारी ते मे हा जोखमीचा काळ. या दिवसांत काजूच्या बागेत किंवा वाळलेल्या पाचोळ्यात बसू नका, चटईही टाकू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. फिरून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि मुलांचे कान, काखा, गुडघ्यामागची वळी आंघोळीच्या वेळी बोटांनी तपासा. खसखशीएवढी गोचीड डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते. त्यानंतरच्या आठवडाभरात एकाएकी थंडी भरून ताप, डोकं आणि अंग जबर दुखणं असं झालं तर डॉक्टरांना ‘जंगलात जाऊन आलो’ हे त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हेच वाक्य लेप्टोसाठी, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी, लक्षात ठेवावं. पायाला चीर असताना शेताच्या चिखलात उतरलात तर परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत आलेला ताप अंगावर काढू नये.

प्रश्न (डोंबिवली): रात्रीच्या फेरीत मुलाला उडता बेडूक हातात घेता येईल का?

घेऊ देऊ नका. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा आत घेतो. हाताला लावलेलं डासांचं मलम, सॅनिटायझर, अगदी साबणाचा अंशही त्याच कातडीतून आत जातो. स्थानिक वाटाड्यासोबत जा, दोन फुटांवरून बघा, टॉर्च बाजूने धरा. डोळ्यांवर सतत प्रकाश टाकलात तर तो बराच वेळ आंधळा होऊन बसतो.

हातात घेण्यापेक्षा बघण्यासारखं पुष्कळ आहे. मलबारी उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढऱ्या फेसाचं घरटं करते आणि काही दिवसांनी त्यातून पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात. लॉजच्या सिमेंटच्या टाकीवरही असा फेस लटकतो. मालकाने तो पुसून न टाकता टाकी धुणं पुढे ढकललं असेल, तर आमच्या मते जाहिरातीतल्या शब्दापेक्षा हा दाखला मोठा. सड्यावर पहिल्या पावसात दिसणारी छोटी आंबोली टोड शास्त्रात २००९ साली नोंदली गेली. ती कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालते. म्हणून सड्यावर गाडी चढवायची नाही, आणि रात्री रस्त्यावर वेग ताशी वीसच्या वर नको. ओल्या डांबरावर पाचोळ्यासारखं जे दिसतं, ते पुष्कळदा बेडूक असतं.

प्रश्न (सांगली): वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात. जमेल का?

खोली तळमजल्यावर, कमोड, आणि जेवणघरापर्यंत छप्पर असलेली वाट, या तीन गोष्टी असतील तर जमेल. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. काही ठिकाणी त्यावर ब्लीचिंग पावडर मारतात, ती वाहून ओढ्यात जाते. पायऱ्या ताठ ब्रशने रोज घासतात का आणि वर काथ्याची पायपुसणी टाकतात का, ते विचारा. वडिलांची छत्री आणि काठी वेगळी ठेवा. छत्री टेकून चालायला गेलं की तिचं टोक शेवाळावरून घसरतं.

प्रश्न (सोलापूर): कपडे किती न्यावेत?

जीन्स एकही नको. तीन रात्रींसाठी माणशी पटकन वाळणाऱ्या पातळ पँट तीन, मोजे सहा जोड, आणि रात्री झोपायचा एक जोड प्लास्टिकच्या बंद पिशवीत, काही झालं तरी न उघडता. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दर दोन तासांनी बदलायचे. रद्दी घरूनच न्या, तिथली आधीच ओली असते.