वाचक विचारतात: घरात गंभीर आजारी माणूस आणि गोळ्यांची पिशवी

मागच्या अंकात घरी गंभीर आजारी माणसाचं करणाऱ्यांकडून औषधांबद्दल प्रश्न मागवले होते. कॅन्सर, किडनी, लकवा, हार्ट, सगळीकडचे आले. उत्तरांआधी एक सांगून ठेवतो. माणूस खूप आजारी पडला की त्याचं शरीर आठवड्याआठवड्याला बदलत जातं, वजन उतरतं, जेवण निम्म्यावर येतं, लघवी कमी होते, आणि डोस मात्र सहा महिन्यांपूर्वी लिहिलेला तोच चालू असतो. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात, खालच्या पत्रांतही तेच दिसेल.

सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात पण मोठे दीर म्हणतात ती शेवटची गोळी असते, एकदा लागली की सुटत नाही. म्हणून अगदीच असह्य झालं तर आम्ही अर्धी देतो. तरी त्या रात्रभर कण्हत असतात. – एक सून, सोलापूर

ताई, पहिलं म्हणजे तुमच्या दिरांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ती सगळीकडे आहे, शिकलेल्या घरांतही आहे. पण त्या भीतीची किंमत सासूबाई रोज रात्री मोजतायत. मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९७७ पासून आहे, आणि कॅन्सरच्या जोरदार दुखण्यावर योग्य डोसने दिलं तर माणूस जेवतो, झोपतो, बोलतो. त्याने मरण लवकर येत नाही. शरीराला सवय होते हे खरं, म्हणजे अचानक बंद केलं तर त्रास होतो, पण ते कमी करायचं झालं तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट देखरेखीत घेणारा माणूस व्यसनी होण्याची शक्यता फार कमी असते.

आता तुमचं नेमकं कुठे चुकतंय ते. साधी मॉर्फिनची गोळी चार तासच काम करते, म्हणून ती दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघत बसायचं नाही. दुखणं पूर्ण वर आल्यावर दिलेली अर्धी गोळी पुरत नाही, मग वाटतं औषध लागू पडत नाही, मग भीती आणखी वाढते. मधेच कळ आली तर द्यायचा जास्तीचा डोस वेगळा असतो, तो किती आणि दिवसातून कितीदा द्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या. बारा तास चालणारी मॉर्फिनची गोळीही मिळते, ती कधीही चुरायची किंवा मोडायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास मंदावतो.

मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, बद्धकोष्ठ झाल्यावर नाही. आणि इथे इसबगोल देऊ नका. आपल्याकडे सगळे तेच देतात, पण पाणी कमी पिणाऱ्या आणि मॉर्फिनवरच्या माणसाच्या आतड्यात ते फुगून घट्ट बसतं. आतड्याला हालचाल करायला लावणारं औषध लागतं, बिसाकोडिल किंवा सेन्ना असलेलं, ते डॉक्टर लिहून देतील. पहिले दोनचार दिवस मळमळ होईल, थोडी गुंगी राहील, ती बहुतेक वेळा ओसरते. पण हाक मारून हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठदहावर आला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर पुढचा डोस न देता लगेच फोन करा आणि दवाखाना गाठा. हातपाय झटके देत उडायला लागले, नसलेली माणसं दिसायला लागली तर त्याच दिवशी कळवा. किडनी मंद झाली की मॉर्फिनचे उरलेले अंश रक्तात साचतात, मग औषधच बदलावं लागतं, बऱ्याचदा फेंटानिल या मॉर्फिनसारख्याच दुसऱ्या औषधावर जातात.

फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी, लावला तर तो ७२ तास चालतो, चढायला बारा तास किंवा जास्त लागतात, आणि काढल्यावरही जवळजवळ दिवसभर औषध अंगात उतरत राहतं. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, शेक द्यायचा नाही, उष्णतेने औषध भराभर आत जातं, ताप चढला तरी तेच होतं. लावलेली तारीख पॅचवरच पेनाने लिहून ठेवा, आणि नवीन लावताना जुना काढलाय ना ते बघा. दोन पॅच अंगावर राहिलेले पेशंट मी पाहिलेत.

मॉर्फिन सगळ्या मेडिकलमध्ये का मिळत नाही, असंही काहींनी विचारलंय. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर हॉस्पिटलांना त्यासाठी एकावर एक परवाने काढावे लागायचे, म्हणून बहुतेकांनी ठेवणंच सोडून दिलं. ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते त्याच देशात कॅन्सरचे पेशंट दुखणं सहन करत बसले, मला याचा अजूनही राग येतो. २०१४ ला कायदा बदलला, आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेल्या संस्थांना ते ठेवता येतं. म्हणून मेडिकलवाले पालथे घालू नका, जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या किंवा वेदनाशमन केंद्राच्या ओपीडीत चौकशी करा.

वडिलांना लिव्हरचा कॅन्सर आहे, शुगर पंधरा वर्षांपासून. हल्ली दोन घास खातात. इन्सुलिन आधीइतकंच चालू आहे. गेल्या आठवड्यात पहाटे घामाने भिजले आणि काहीतरी बरळत होते. – अकोला

हे वाचून मला पत्राला उत्तर लिहिण्याआधी फोन करावासा वाटला. ते बरळणं नव्हतं दादा, शुगर खाली गेली होती असाच संशय घ्यावा लागतो. लिव्हर शरीराचं साखरेचं कोठार आहे, ते आजारी आणि पोटात दोन घास, वरून जुना डोस. आजच डॉक्टरांशी बोला, पुढच्या अंकाची वाट बघू नका. जेवण कमी झालं की इन्सुलिन कमी करावं लागतं, किती ते डॉक्टर ठरवतील. आणि अशा आजारात शुगर १२० वर आणायचा हट्टही सोडतात, १८०-२०० च्या आसपास राहिली तरी चालतं, खाली जाणं जास्त वाईट. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांतल्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर उतरली तर ती पुन्हा पुन्हा उतरू शकते, एकदा साखर खाऊन बरं वाटलं म्हणून गाफील राहू नका. जुलाब-उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी विचारा. घाम, थरथर, बरळणं दिसलं की शुगर तपासा, शुद्धीवर असतील तर साखरपाणी द्या, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, गाडी बोलवा.

सिरिंजबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण यात माणसं दगावतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्याही येतात आणि १०० युनिटच्याही, इन्सुलिनच्या पेनातल्या काडतुसात १०० च असतं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत जातात ५० युनिट. उलट बाजूने ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज असेल तर २० च्या जागी आठच जातात, आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेतात. घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंज ठेवूच नका. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग रोज जुळवा, टोचणारं माणूस बदललं की परत जुळवा.

लकव्यानंतर आईला नाकातून नळी आहे, सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून दुधात देतो. चालेल का? – नाशिक

सगळ्या एकत्र नाही आणि दुधात तर नाहीच. एकेक गोळी वेगळी बारीक करून साध्या पाण्यात, आधी पंधरावीस मिली पाणी, मधे पाणी, शेवटी पुन्हा पाणी, नाहीतर नळी चोंदते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर असं असेल, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, ती गोळी कुटायची नाही. पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांवर जे वेष्टण असतं ते पोटातल्या ॲसिडपासून औषध वाचवायला असतं, कुटलं की गोळी वाया. याच्या जागी दुसरा प्रकार मिळतो, डिस्चार्जच्या वेळी विचारायचं राहिलं असेल तर आता विचारा. आणि फिटची फेनिटॉइन चालू असेल तर नळीतून दिलेल्या खाण्याबरोबर ती नीट शोषली जात नाही, आधी आणि नंतर खाण्यात किती अंतर ठेवायचं ते लिहून घ्या. फिट पुन्हा आली आणि डोस तर चुकलेला नाही, तर हे एक कारण असू शकतं.

बाबांचा क्रिएटिनिन (रक्तातला किडनीच्या तपासणीचा आकडा) वाढलेला आहे, गुडघे दुखतात तेव्हा मेडिकलमधून पेनकिलर आणतो, त्याने बरं वाटतं. – सातारा

बरं वाटतं तेच घात करतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या आजारी किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात, आणि त्यात बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सूज उतरवायची पाण्याची गोळी चालू असेल तर तिघी मिळून किडनीवर बसतात. त्यांना पॅरासिटामॉल चालतं पण मोजून, अशक्त, कमी वजनाच्या किंवा लिव्हर आजारी असलेल्या माणसाला नेहमीच्या चार ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरंच कमी. सर्दीच्या आणि ट्रॅमाडॉलच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मिळवून हिशोब करा. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन, प्रीगाबालिनचा डोसही किडनी बघून ठरतो, जास्त झाला तर माणूस दिवसभर पेंगतो आणि घरचे म्हणतात वय झालं.

भाऊ आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे, डॉक्टर त्याला झोपवून ठेवतात. इतकी औषधं चालू आहेत, आम्ही काय विचारायचं तेच समजत नाही. – पुणे

विचारायचं थोडंच आहे. हे गुंगीचं औषध आज कमी करून जागं करून बघणार का? २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी दाखवलं की रोज एकदा गुंगी थांबवून पेशंटला जागं केलं तर व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी होतात, म्हणून हा प्रश्न फालतू नाही. कुठे जागं करणं शक्य नसतं, ते सांगतील. ॲन्टिबायोटिक कशासाठी आहे, कल्चरचा, म्हणजे कोणते जंतू आहेत त्या तपासणीचा, रिपोर्ट आला का, किती दिवस? ड्रिपच्या बाटलीतलं औषध बदललं का हे मात्र सिस्टरना दर दहा मिनिटांनी विचारू नका, त्यांची मोजणी चुकते.

तुम्ही सांगायचं जास्त आहे. दारू किती आणि शेवटची कधी, झोपेची गोळी रोज घेत होता का, स्टेरॉइड महिनोन्‌महिने चालू होतं का, कशाची ॲलर्जी आहे. लाजेखातर दारू लपवतात, मग तिसऱ्या दिवशी तो थरथरायला लागतो, बरळतो, आणि सगळे मेंदूचा आजार शोधत बसतात. रोजचं स्टेरॉइड एकदम बंद पडलं तर बीपी पडतं, आणि ते कशाने पडलं याचा थांग लागत नाही.

मावशीच्या दिवसाला सोळा गोळ्या आहेत, तीन डॉक्टरांच्या. त्यातल्या कमी होतील का? आणि काढे बंद करावेत का? – कोल्हापूर

होतील, पण स्वतःच्या हाताने काढून टाकू नका. एका कागदावर सगळ्या उतरवा, स्ट्रिपवर छापलेल्या मूळ औषधाच्या नावाने, कंपनीच्या नावाने नाही, कारण एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेलं सापडतं. मग तो कागद एका डॉक्टरांसमोर ठेवून प्रत्येकीबद्दल विचारा की ही आज कशासाठी चालू आहे. कोलेस्टेरॉलची गोळी पुढच्या दहा वर्षांसाठी असते. अमेरिकेत आयुष्य कमी उरलेल्या ३८१ पेशंटवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो छापून आला, त्यात ही गोळी थांबवणं सुरक्षित ठरलं आणि थांबवलेल्यांना थोडं बरंच वाटत होतं. पण फिटची, स्टेरॉइडची, हार्टची गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करायची अॅसिट्रॉम चालू असेल आणि मधे ॲन्टिबायोटिक आलं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लवकर तपासून घ्या, मेट्रोनिडाझोलने तो वर चढतो.

काढ्याबद्दल, नैसर्गिक आहे म्हणून काही होत नाही हे मनातून काढा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद असू दे, पण मावशीचं लिव्हर किंवा किडनी आधीच आजारी असेल तर अशा प्रयोगाला ती जागा नाही. गावठी भस्मं आणि बिनलेबलच्या पुड्या तर नकोच, त्यात शिसं आणि स्टेरॉइड दोन्ही सापडलेत. वैद्यांचं औषध घेत असाल तर तेही त्याच कागदावर लिहा, लपवू नका.

औषधाने काही विपरीत झालं तर सांगायचं कुणाला? – चिपळूण

आधी तुमच्या डॉक्टरांना. शिवाय १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहे, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या भारत सरकारच्या कार्यक्रमाचा, पेशंटच्या घरचेही कळवू शकतात. फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं आणि त्रास कधी झाला एवढं जवळ ठेवा, स्ट्रिप फेकून देऊ नका.